गावात राहून क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घ्यायचा तर : विदर्भापुरती माहिती इथे जमवू या

पळसबन

ट्रायल म्हणजे औषध किंवा इलाज माणसांवर तपासून बघायचा अभ्यास. गावाकडे ट्रायल म्हटलं की दोनच बोलणी ऐकू येतात. एक म्हणजे "आपल्यावर प्रयोग करून राह्यले", आणि दुसरं "मोठ्या दवाखान्यात फुकट औषध भेटते म्हणे". दोन्हींत थोडं खरं आहे, पण एवढ्यावर कुणी सही करू नये आणि एवढ्यावर नाहीही म्हणू नये. म्हणून हा धागा. प्रत्यक्ष कामाची माहितीच लिहा : शोधायचं कसं, विचारायचं काय, कुठे अडतं.

माझ्याकडून सुरुवात.

औषध कंपन्यांच्या ट्रायल आपल्या भागात मुख्यतः मेडिकल कॉलेजांत आणि मोठ्या खाजगी रुग्णालयांत होतात. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे), नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स, नागपुरातली कर्करोग रुग्णालयं, अमरावती-अकोल्यातली काही केंद्रं. मेळघाट, कोरची, झरी-जामणीकडच्या माणसाला यातलं सगळंच लांब पडतं.

गावातच येणारी ट्रायल असते ती वेगळ्या जातीची. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो अभ्यास केला, त्यात ३९ गावांत ती सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात त्याची मुळं तिथे आहेत. अलीकडे दोन आंतरराष्ट्रीय ट्रायल झाल्या, त्यांत नागपूर हे एक केंद्र होतं. एकीत पहिलटकरणींना गरोदरपणात रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचं प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आलं. दुसरीत प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर ॲझिथ्रोमायसिनचा २ ग्रॅमचा एकच डोस दिला. आईला जंतुदोष किंवा मृत्यू हे प्रमाण २.४ वरून १.६ टक्के झालं, बाळांच्या मृत्यूत मात्र फरक पडला नाही. अशा ट्रायलमध्ये बहुतेक काम उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि घर इथेच चालतं.

तिसरा प्रकार संख्येने मोठा आणि कुणाच्या लक्षात न येणारा : एमडी, एमडीएस, फिजिओथेरपी, आयुर्वेद यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध. खर्र्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) तोंड उघडत नाही अशांवरचे व्यायाम किंवा गोळ्या, गुडघेदुखी, बाळंतपणातली भूल. जोखीम बहुधा कमी, पण कागद तेवढेच तपासायचे.

---

नोंदवही

शोधायची एकच खात्रीची जागा म्हणजे सीटीआरआय, भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदवही. २००७ पासून आहे, आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) संस्था चालवते, बघायला पैसे लागत नाहीत. १५ जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलची नोंद सक्तीची आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला माणूस घेण्याआधीच नोंद व्हावी लागते. म्हणजे कुणी ट्रायल सांगून आला आणि नंबर देत नसेल, तर बोलणं तिथेच थांबवा. नंबर सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि शेवटी क्रमांक असा असतो.

अडचण ही की सगळं इंग्रजीत आहे, आणि शोध स्पेलिंगवर चालतो. सेवाग्राम 'व्ही'ने टाका, 'डब्ल्यू'नेही टाका. अमरावतीत मधला 'ए' कुणी घालतं, कुणी घालत नाही. जिल्ह्याच्या नावाने काही आलं नाही तर कॉलेजचं नाव, तेही नाही तर नुसता आजार टाकून महाराष्ट्र निवडा. आजाराचं डॉक्टरी नाव लागेल. ते डिस्चार्ज कार्डावर 'डायग्नोसिस'समोर लिहिलेलं असतं, तिथूनच उतरवा.

नोंद उघडली की सगळी वाचत बसू नका. आधी भरतीची स्थिती बघा, कारण निम्मा वेळ बंद झालेल्या ट्रायल वाचण्यात जातो. मग केंद्रांची यादी : मुंबई-पुण्याच्या दहा नावांत नागपूर आहे का. मग कोणाला घेणार आणि कोणाला नाही, या दोन रकान्यांत वय, तपासण्यांचे आकडे, चालू औषधं. मग एथिक्स कमिटीची (सहभागी माणसांचं हित बघणाऱ्या समितीची) मान्यता, तुमच्या केंद्राच्या नावासमोर. आणि शेवटी जनतेच्या चौकशीसाठी दिलेला माणूस आणि त्याचा फोन. नोंद शेवटची कधी बदलली ती तारीखही पाहा. 'भरती चालू' असं लिहिलंय आणि दीड वर्षात कुणी हात लावलेला नाही, तर फोन केल्याशिवाय बसमध्ये बसू नका.

---

वऱ्हाडी_पाटी

फोन करा म्हणता, पण थो नंबर बराच वेळ मुंबईच्या हापिसाचा राह्यते. तिथून काही उत्तर भेटत नाही. त्यापेक्षा केंद्राच्या डॉक्टरचं नाव नोंदीत राह्यतेच, त्याईच्या ओपीडीच्या दिवशी विभागात जाऊन "ट्रायलचे कोऑर्डिनेटर कोण?" असं विचाराव. सिस्टरले बराबर मालूम राह्यते. आन् जातानी सगळे जुने कागद न्याव. कागद नसले तं अर्धे लोकं तिथूनच वापस येतात.

---

सीआरसी_मावशी

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. मी कोऑर्डिनेटर, म्हणजे केंद्रात ट्रायलचं रोजचं काम बघणारी. त्या बाजूने सांगते की आपल्या भागातली माणसं स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे आत घेण्याआधीच्या तपासणीत, कशामुळे गळतात.

सिकलसेलच्या (लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) ट्रायलमध्ये बहुधा अट असते की मागच्या १२ महिन्यांत वेदनेचे अमुक झटके आलेले असावेत आणि त्यांची कागदावर नोंद असावी. गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावून घरी आलात तर तो झटका कुणाच्याच हिशेबात नाही. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयात गेलात की केसपेपर मागून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्राचाही चालतो. तारीख आणि शिक्का हवा. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलवरचं नेहमीचं औषध) चालू असेल तर डोस गेले काही महिने एकच असावा असंही मागतात. गोळ्या मधेच संपल्या, पुन्हा सुरू केल्या, हे लपवू नका. रक्त चढवल्याची शेवटची तारीखही लागते.

मधुमेहाच्या ट्रायलमध्ये वेगळीच गंमत. प्रवेश एचबीए१सीच्या (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीच्या) आकड्यावर ठरतो. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात, म्हणून हा आकडा खोटा कमी येतो. एएस वाहकात (ज्याला आजार नाही पण आजाराचा एक जीन आहे अशा माणसात) तो बरोबर येईल की नाही हे लॅबच्या पद्धतीवर अवलंबून. म्हणून घरात कुणाचं सिकलसेलचं लाल किंवा पिवळं कार्ड असेल तर स्वतःची सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस या सिकलसेलच्या रक्ततपासण्या आधी करून घ्या आणि तसं सांगा. नागपूर, चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोलीकडे हा प्रश्न रोज येतो.

हिमोग्लोबिन कमी, हे बायका गळण्याचं मोठं कारण. यावर उपाय आहे : लोहाच्या गोळ्या घेऊन पुन्हा तपासणी करता येते का ते विचारा. काही ट्रायल फेरतपासणी देतात, काही देत नाहीत, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आणि पुड्या. सांधेदुखीसाठी गावात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्याने साखर वाढते, सूज उतरते, सगळे आकडे फिरतात. पुडी चालू असेल तर ती घेऊन या, कागदासकट. रागावत नाही कुणी. पण लपवून आत गेलात तर धोका तुमच्याच जिवाला आहे. खर्रा, दारू, जडीबुटी यांचंही तसंच.

---

कापूसवेचणी

वेळेचा प्रश्न कुणीच काढला नाही. केंद्रात तपासणीला यायच्या वेळापत्रकात 'दिवस २८, अधिक-उणे ३' असं लिहितात. म्हणजे २५व्या ते ३१व्या दिवसाच्या आत कधीही जा. हे गावातल्या माणसाला समजावून सांगितलं तर तो बाजाराचा दिवस आणि मजुरीचा खाडा यांचा मेळ घालतो. न सांगितल्यास तेवीसाव्या दिवशी येऊन बसतो आणि ती व्हिजिट नियमभंगात जाते.

२४ आठवड्यांची ट्रायल मेच्या शेवटी धरली तर पेरणी, डवरणी, फवारणी आणि सोयाबीनची सोंगणी, सगळं तिच्यात येतं. कापसाच्या पहिल्या वेच्याला माणूस घरात मिळत नाही. सही करण्याआधी सगळ्या व्हिजिटच्या तारखांची यादी मागून घ्या आणि पंचांगाऐवजी शेताचं कॅलेंडर शेजारी ठेवून बघा. सोडून जाणाऱ्यांत "औषध लागू पडत नाही" म्हणून गेलेले कमी आणि "काम होतं" म्हणून गेलेले जास्त असतात.

उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर पहिली एसटी किती वाजता पोचते ते त्यांना सांगा. सिरोंचा-भामरागडकडून सकाळी आठला नागपूर गाठणं होत नाही, आदल्या रात्रीच यावं लागतं. मुक्कामाचा आणि सोबतच्या माणसाचा खर्च मिळेल का हे माहितीपत्रकात लिहिलेलं हवं. तोंडी "बघू" म्हणाले तर मिळत नाही, कारण एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या रकमेबाहेर केंद्राला देताच येत नाही.

तिकिटं जपा. मशीनचं तिकीट उन्हात, घामात पांढरं पडतं, उतरल्याबरोबर मोबाइलमध्ये फोटो काढा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत आहे. जिथे तिकिटाप्रमाणे पैसे देतात तिथे त्यांना कमीच मिळतात, जिथे व्हिजिटमागे ठरीव रक्कम आहे तिथे सगळ्यांना सारखी. कोणती पद्धत आहे, आधीच विचारलेलं बरं.

---

गोळीबंद_औषधनिर्माता

उन्हाबद्दल लिहितो, कारण माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांच्या डोक्यात चंद्रपूरचा मे महिना नसतो.

डब्यावर '२५ अंशांखाली ठेवा' किंवा '३० अंशांखाली ठेवा' असं असतं. बाहेर ४५ अंश आणि वर टिनाचं छप्पर असेल तर घरातली कुठलीच फळी त्यात बसत नाही. केंद्रात औषधाच्या खोलीचं तापमान यंत्रावर रोज नोंदतात; तुमच्या घरात पोचल्यावर ते कुणी बघत नाही. औषध कमजोर झालं तर निकाल 'औषध चालत नाही' असा येईल आणि दोष उन्हाचा असेल.

काय करता येतं : उन्हाळ्यात तीन महिन्यांचा साठा एकदम घेऊ नका, नियमात बसत असेल तर महिन्याचाच मागा. गोळ्या पाकिटातून काढून वेगळ्या डबीत भरू नका, पावसाळ्यात ओल धरतात. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माठ कोरड्या मेमध्ये आतली हवा बऱ्यापैकी थंड ठेवतो, गोळ्यांना पुरतो. पण जुलैत हवा दमट झाली की पाणी उडत नाही आणि माठाचा उपयोग संपतो. '२ ते ८ अंश' लिहिलेलं इंजेक्शन माठात अजिबात चालत नाही. त्याला फ्रिज हवा, मधला कप्पा. दारात नको, बर्फाच्या खणाला चिकटून तर नकोच. गोठलेलं इंजेक्शन पुन्हा पातळ झालं तरी वाया गेलेलं असतं आणि बघून कळत नाही. बसमध्ये नेताना जेलपॅकला कुपी थेट टेकवू नका, मध्ये कापड किंवा पुठ्ठा घाला. भारनियमनात फ्रिज किती तास बंद होता ते डायरीत लिहा आणि पुढचा डोस घेण्याआधी केंद्राला फोन करा.

रिकामी पाकिटं फेकायची नाहीत. उरलेल्या गोळ्या मोजूनच तुम्ही किती घेतल्या ते ठरतं. शेजाऱ्याला तोच आजार आहे म्हणून दोन गोळ्या दिल्या, असं होतं. ते औषध कशाचं आहे हे तुम्हालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही, त्यामुळे असं करू नका.

---

माळरान

डॉक्टरलाही माहीत नाही म्हणजे? मग इलाज कोण करून राह्यलं?

---

सीआरसी_मावशी

बरोबर जागी बोट ठेवलंत. पुष्कळ ट्रायलमध्ये कोणाला नवं औषध आणि कोणाला जुनं किंवा औषध नसलेली गोळी हे संगणकाच्या यादीने ठरतं, आणि निकाल लागेपर्यंत रुग्ण व डॉक्टर दोघांपासून ते झाकलेलं असतं. "मला चांगलंवालं द्या" म्हणून चालत नाही. जीव धोक्यात आला तर ती यादी उघडता येते, त्याची सोय असते.

म्हणून हे आधी मनाशी पक्कं करायचं की ट्रायल ही तुमच्यासाठी बेतलेली ट्रीटमेंट नव्हे. प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी ती असते; तुम्हाला फायदा होईल, कदाचित होणार नाही. विचारायचा प्रश्न असा : "ट्रायलमध्ये नाही आलो तर मला कोणता इलाज मिळाला असता, आणि आत आल्यावर तो बंद होणार का?" रिकामी गोळी देताना नेहमीचा इलाज तोडला आणि त्यामुळे नुकसान झालं, तर ते भरपाईत बसतं.

---

यवतमाळी_वकील

कायद्याचं सांगतो. लागू आहेत ते 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९'.

संमतिपत्र. तुम्हाला समजणाऱ्या भाषेत माहितीपत्रक हवं आणि त्याची प्रत तुमची. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. त्याच केंद्रातला कर्मचारी तटस्थ होत नाही, गावातलं वाचता येणारं माणूस सोबत न्या. अगदी नव्या रेणूच्या औषधाच्या ट्रायलमध्ये सहभागी माणूस दुर्बल गटातला असेल तर समजावून सांगण्याचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण सक्तीचं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांत चेहरा नको म्हणून फक्त आवाज. कॅमेरा लावला म्हणजे भानगड आहे असं समजू नका, तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे. कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारा, उत्तरंही रेकॉर्ड होतात.

त्याच फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव-पत्ता-नातं असे रकाने असतात. वारसाचा रकाना रिकामा सोडून सही करणारे पुष्कळ. आधारवर जसं नाव आहे तसंच लिहा, 'मंदाबाई' आणि 'मंदाकिनी' यांत पुढे महिने जातात.

लहान मुलांत आई-वडिलांची सही लागतेच. शिवाय आयसीएमआरच्या मार्गदर्शिकेप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ च्या मुलाची लेखी हो-ना घ्यावी लागते.

एथिक्स कमिटीत किमान ७ जण, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचाच. केंद्राची स्वतःची कमिटी नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली दुसरी चालते. यवतमाळच्या केंद्राला मुंबईची कमिटी दाखवली तर विचारणा करा.

भरपाईचा हिशेब मृत्यूच्या बाबतीत सूत्राने होतो : ८ लाख गुणिले वयाचा अंक गुणिले जोखमीचा अंक, भागिले ९९.३७. वयाचा अंक कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यातला, चाळिशीला १८४.१७ आणि ६५ व पुढे ९९.३७. जोखमीचा अंक अर्धा ते चार. मरणासन्न रुग्णाला ०.५, निरोगी माणसाला ४. म्हणजे मध्यम जोखमीचा (अंक २) चाळीस वर्षांचा माणूस असेल तर सुमारे २९ लाख ६५ हजार. कायमचं अपंगत्व आलं तर या रकमेच्या ९० टक्क्यांना अपंगत्वाच्या टक्केवारीने गुणायचं. वरच्याच माणसाला ४० टक्के अपंगत्व आलं तर साधारण १० लाख ६७ हजार. उत्पन्नाचा यात संबंध नाही, मजूर आणि मास्तर सारखेच.

भरपाईव्यतिरिक्त इजेवरचा इलाज मोफत, गरज असेपर्यंत किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे ठरेपर्यंत, जे आधी होईल ते. त्या इलाजाचं बिल महात्मा फुले योजनेच्या कार्डावर टाकू देऊ नका. तो खर्च स्पॉन्सरचा (ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीचा किंवा संस्थेचा) आहे, तुमच्या कुटुंबाची मर्यादा त्यात संपायचं कारण नाही.

---

दवंडी

जंगलपट्टीसाठी भर घालतो. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या बाईला मराठी माहितीपत्रक दिलं तर ते 'समजणाऱ्या भाषेत' झालं नाही. भाषांतरालाही एथिक्स कमिटीची मान्यता लागते. तिथल्या तिथे कुणी आपल्या मनाने अर्थ सांगितला तर नेमकं काय सांगितलं हे कुणालाच माहीत नसतं. आणि ग्रामसभेचा ठराव झाला म्हणून घराघराची संमती झाली असं होत नाही. गावं चिठ्ठीने दोन गटांत वाटायच्या अभ्यासात ग्रामसभेला विचारणं योग्यच, पण प्रत्येक व्यक्तीला नाही म्हणायचा हक्क राहतो. आशाताईने आग्रह केला म्हणून हो म्हणणारे बरेच असतात. तिला नंतर नाराज करायचं नाही ही भीती खरी असते. नाही म्हटल्याने लसीकरण, जननी सुरक्षा, रेशन, कशावरही परिणाम होत नाही, हे तिनेच आधी सांगायला हवं.

---

सीआरसी_मावशी

काही बिघडलं तर काय, हे वकीलसाहेबांच्या पुढचं.

ट्रायलमध्ये असताना कोणत्याही कारणाने रात्रभर दाखल व्हावं लागलं तर केंद्राला लगेच कळवा. कोणत्याही म्हणजे विंचू चावला, गाडीवरून पडलात, साप चावला तरी. "याचा गोळीशी काय संबंध" हे आपण ठरवायचं नसतं. डॉक्टरला २४ तासांच्या आत औषध नियंत्रक, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटीला कळवावं लागतं. १४ दिवसांत सविस्तर विश्लेषण जातं. ३० दिवसांत कमिटीचं मत जातं. नियंत्रकांचा निर्णय ९० दिवसांत आणि त्यानंतर ३० दिवसांत पैसे. सुरुवातच पंधरा दिवस उशिरा झाली तर पुढचे सगळे कागद लंगडतात : तेव्हाचं रक्त तपासलेलं नसतं, तालुक्याच्या दवाखान्याचा केसपेपर हरवलेला असतो.

ट्रायलचं छोटं कार्ड देतात ते पाकिटात ठेवा आणि ग्रामीण रुग्णालयात आधी ते दाखवा. १०८ च्या डॉक्टरलाही. घरातल्या निदान एका माणसाला ते कुठे असतं हे माहीत हवं.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक. फवारून आल्यावर मळमळ, डोकेदुखी, घाम, डोळ्यांपुढे अंधुक असं झालं तर आधी दवाखाना, मग डायरीत फवारणीची तारीख आणि औषधाच्या डब्यावरचं नाव. नाहीतर हा सगळा त्रास ट्रायलच्या गोळीच्या खात्यात जमा होतो, किंवा उलट गोळीचा खरा त्रास फवारणीवर ढकलला जातो.

---

नांगरट

पोरं हैदराबाद-अहमदाबादकडे जाऊन 'रक्त देऊन' पैसे आणतात तेही हेच का?

---

गोळीबंद_औषधनिर्माता

ते जैवसमतुल्यता अभ्यास. जुन्या औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी रक्तात तेवढीच उतरते का हे निरोगी माणसांवर बघतात. मुक्काम करून ठरलेल्या वेळांना पुष्कळदा रक्त काढतात, मध्ये काही दिवस सोडून हेच पुन्हा. याचा मोबदला मिळतो, तो किती ते संमतिपत्रात लिहिलेलं असतं. नियम तोच २०१९ चा, केंद्र नोंदणीकृत हवं.

धोका दलालात आहे. तो वाटा घेतो, आणि दोन अभ्यासांत सहसा जे तीन महिन्यांचं अंतर ठेवतात ते मोडायला शिकवतो : दुसऱ्या केंद्रात जा, आधीचं सांगू नको. एका औषधाचे अंश अंगात असताना दुसरं घेतलं, आधीच रक्त गेलेलं असताना पुन्हा गेलं, तर काय होईल याचा अंदाज कुणीच करू शकत नाही. आणि खोटी माहिती दिल्याचं उघड झालं की भरपाईच्या भांडणात पहिला मुद्दा तोच निघतो. जायचंच तर थेट केंद्राशी बोला.

---

पळसबन

प्रबंधांच्या ट्रायलबद्दल एक राहिलं होतं. तिथे कंपनी नसते. मग इजा झाली तर खर्च कोणाचा? आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शिका म्हणते की संस्थेने सोय करावी. माहितीपत्रकात ते वाक्य शोधा. वाक्य असेल तर कुणाचं नाव लिहिलंय बघा. विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो, गाइड आणि विभाग राहतात. ट्रायलसाठीच्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घेतले जात असतील तर कमिटीच्या सदस्य-सचिवांना विचारा, त्यांचा फोन त्याच पत्रकावर असतो.

---

वऱ्हाडी_पाटी

आन् मधातच सोडायचं असन तं? लोकाईले वाटते सही केली म्हंजे बांधल्या गेलो. काही कारवाई होते का? आन् ट्रायल संपल्यावर औषध भेटते का पुढं?

---

यवतमाळी_वकील

कारवाई काही नाही. कधीही, कारण न सांगता सोडता येतं आणि नेहमीचा इलाज त्याच दवाखान्यात चालू राहतो. तोंडी सांगितलं तरी पुरतं, पण प्रतीवर तारीख टाकून ठेवा. फक्त गोळी मनाने एकदम तोडू नका. काही औषधं हळूहळू कमी करावी लागतात, आणि शेवटची तपासणी तुमच्याच सुरक्षिततेसाठी असते. तोवर जमा झालेली माहिती अभ्यासात राहते, पुढची घेत नाहीत.

संपल्यावर औषध आपोआप मिळत नाही. दुसरा इलाज उपलब्ध नसेल, त्या माणसाला फायदा झाला आहे असं डॉक्टरने लिहून दिलं असेल आणि एथिक्स कमिटीने मान्य केलं असेल, तर स्पॉन्सरने मोफत द्यायची तरतूद आहे. हे सही करण्याआधी विचारायचं असतं, शेवटच्या व्हिजिटला नाही.

---

सीआरसी_मावशी

सोडताना उरलेलं औषध, डायरी आणि रिकामी पाकिटं परत करा म्हणजे शेवटच्या प्रवासाचे पैसे अडत नाहीत. पैसे खात्यात येणार असतील तर खातं चालू आहे का ते आधी बघा. केवायसी राहिल्याने बंद पडलेल्या जनधन खात्यात टाकलेली रक्कम परत फिरते आणि पुन्हा पाठवायला महिना जातो.

आमची माणसंही बदलतात. कोऑर्डिनेटर सोडून गेली की कार्डावरचा मोबाइल बंद लागतो. प्रत्येक व्हिजिटला "नंबर हाच आहे ना?" विचारा, आणि विभागाचा लँडलाइन कार्डाच्या मागे लिहून घ्या.